दहावा माणूस पडद्यावर

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात न्यू यॉर्क शहराला खेटून असलेल्या न्यू रोशेल येथील एक सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आरोग्य खात्याने बंद करायला लावले. तिथे येणाऱ्या एका गृहस्थांना करोना झाल्याचे निघाले होते आणि तोवर त्याच वास्तूत शब्बाथची (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतिदिनाची) प्रार्थना, एक अंत्यविधी आणि एका मुलीचा बात मित्झ्वाचा सोहळा पार पडला होता. आलेल्या-गेलेल्या शेकडो लोकांना घरात बसवले गेले. पुढच्या आठवड्यात त्या सिनेगॉगभोवती एक मैल त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यातल्या मोठ्या जमावांवर बंदी आली. पाठोपाठ हडसन नदीपलीकडच्या बर्गन परगण्यातल्या सनातनी रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, १२ मार्चला, राज्य सरकारचा घरबंदीचा हुकूम निघायच्या कितीतरी आधी, आपली सगळी सिनेगॉग स्वतःहून बंद केली. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथही मोडावा, असे त्यांचे धर्मशास्त्रच सांगते. हे इथेच नोंदवायला हवे, कारण पुढे काही वस्त्यांमध्ये नियम धाब्यावर बसवून गर्दी झाली आणि बातम्यांत तीच झळकली.

देवालय बंद झाले की इतर धर्मीयांची कुचंबणा होते. ज्यूंची त्याहून मोठी अडचण झाली. त्यांची बरीचशी प्रार्थना एकट्याने म्हणता येते. पण तोरा या धर्मग्रंथाचे जाहीर वाचन, ‘कद्दिश’ आणि आणखी काही भाग यांना दहा प्रौढ माणसे हजर असावी लागतात. या दहांच्या गटाला ‘मिन्यान’ म्हणतात. सनातनी पंथ त्यात तेरा वर्षांवरील पुरुषच मोजतात. रिफॉर्म आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगांत स्त्रियाही मोजल्या जातात. मोजणी मात्र पक्की. नऊ थोर पंडित जमले तरी भागत नाही, आणि दहावा अडाणी असला तरी चालतो.

यातली सगळ्यात अवघड जागा कद्दिशची. आईवडील गेले की मूल अकरा महिने ही प्रार्थना म्हणते. भाषा बहुतांशी अरामी, आणि साऱ्या मजकुरात मृत्यूचा उल्लेख नाही; नुसते ईश्वराचे स्तवन. म्हणणारा उभा राहतो, थांबतो, आणि बाकीचे ठरलेल्या जागी ‘आमेन’ म्हणतात. उत्तर द्यायला कोणी नसेल तर म्हणायचे कोणाला? एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कमध्ये माणसे पटापट मरत होती. दफनाला मोजके लोक, शोकाचे सात दिवस घरात एकट्याने काढायचे आणि कद्दिशला दहा जण नाहीत. ज्या दिवसांत ही प्रार्थना सर्वाधिक जणांना म्हणायची होती, त्याच दिवसांत ती म्हणता येत नव्हती.

मग प्रश्न आला, झूमवरच्या चौकटी मोजायच्या का?

बाहेरच्या माणसाला हा शब्दांचा कीस वाटेल. आमच्या मते साथीच्या काळात कोणत्याही धर्मात झालेल्या चर्चांपैकी ही सर्वांत नेटकी चर्चा होती, कारण ती तंत्रज्ञान चांगले की वाईट या निरर्थक वादात अडकली नाही. हजर असणे म्हणजे काय, एवढाच प्रश्न तिने धरून ठेवला. आणि त्याला आधार द्यायला जुने ग्रंथ पुरेसे होते. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या संहितेत एक कलम आहे: सिनेगॉगच्या मागे उभा असलेला माणूस, मधे खिडकी असेल आणि तो तिथून आपला चेहरा दाखवत असेल, तर दहांत धरावा, खिडकी कितीही मजले उंच असली तरी. साथीत हे कलम दोन्ही बाजूंनी वापरले. इस्रायलमध्ये त्याच्या बळावर बाल्कन्यांतून मिन्यान भरले: समोरासमोरच्या इमारतींत माणसे आपापल्या कठड्याशी उभी, एकाने खालच्या अंगणातून म्हणायचे आणि वरून आमेन. उदारमतवाद्यांनी विचारले, चेहरा दिसणे हीच अट असेल तर पडदा ही खिडकी का नाही? सनातन्यांचे उत्तर, खिडकीतून माणूस दिसतो, पडद्यावर त्याचे चित्र.

याहून जुना दाखला तालमूद या धर्मग्रंथातला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे सिनेगॉग म्हणे इतके प्रचंड होते की मधल्या लाकडी चौथऱ्यावरचा आवाज कडेच्या लोकांपर्यंत पोचत नसे. म्हणून चौथऱ्यावर सेवक हातात फडकी घेऊन उभा राही. आमेनची वेळ आली की तो फडके हलवी आणि अख्खा जमाव आमेन म्हणे. म्हणजे काय म्हटले जात आहे ते न ऐकता नुसत्या खुणेवर उत्तर देणारे हजारो लोक, आणि तरीही ती प्रार्थना सामुदायिकच. मिश्नातला नियम मात्र उलट्या दिशेला ओढतो: शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाची तुतारी कोणी विहिरीत किंवा रांजणात फुंकली आणि ऐकणाऱ्याला मूळ नादाऐवजी घुमलेला प्रतिध्वनी ऐकू आला, तर कर्तव्य पुरे झाले नाही. विसाव्या शतकात ध्वनिक्षेपक आणि टेलिफोन आले तेव्हा या रांजणावर भरपूर काथ्याकूट होऊन गेला होता. झूमने तो पुन्हा उकरला.

निकाल ज्याचे त्याचे वेगळे लागले. रिफॉर्म सिनेगॉगांना फार अडखळावे लागले नाही. मॅनहॅटनमधले सेंट्रल सिनेगॉग आपल्या प्रार्थनेचे थेट प्रक्षेपण आधीपासूनच करत होते. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने २००१ मध्येच ठरवले होते की दहा जण एका जागी हवेतच, दूरचा माणूस त्यांना जोडला जाऊ शकतो, पण दहांत धरता येत नाही. १७ मार्च २०२० ला समितीच्या दोन्ही अध्यक्षांनी ही अट सैल केली, आणि तीही मोजूनमापून. हे आपत्कालापुरतेच, स्थानिक रब्बीने ठरवायचे, आणि दहा जणांना एकमेकांचे चेहरे दिसले आणि आवाज ऐकू आले पाहिजेत. इस्रायलमध्ये उत्तर आफ्रिकी परंपरेतल्या चौदा रब्बींनी त्याहून धाडसी काम केले. पेसाहच्या सेदेर भोजनाला म्हातारी माणसे एकटी पडतील म्हणून सणाच्या रात्री झूम चालू ठेवायला त्यांनी मुभा दिली; यंत्र मात्र सण लागण्याआधी सुरू केलेले हवे आणि मुभा त्या वर्षापुरतीच. मुख्य रब्बींच्या कचेरीने कडाडून विरोध केला, सही करणाऱ्यांपैकी काहींनी माघार घेतली. तरी एकट्या आजीचे दुःख हा धर्मशास्त्राचा विषय आहे असे लेखी म्हणणारे चौदा जण निघाले, ही गोष्ट लहान नाही.

प्रत्यक्षात ही प्रार्थना कशी चालत असे? बेसूर. शुक्रवारी सूर्यास्ताआधी कोणीतरी फोन करून थकलेल्या सभासदांना बटण कुठले दाबायचे ते समजावून सांगायचे, कारण शब्बाथ लागल्यावर यंत्राला हात लावायचा नाही असा अनेकांचा दंडक. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिराने समूहगान अशक्य केले, म्हणून हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा, एकटा गाई आणि बाकी सगळ्यांचे आवाज बंद. घराघरांत माणसे स्वतःशीच गात. कद्दिश आली की आवाज उघडले जात. मग तीच ओळ वीस घरांतून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या फरकाने यायची, मधेच कोणाचा कुत्रा, कोणाचा प्रेशर कुकर, आणि आमेन तर विखरूनच. कित्येक ठिकाणी सप्टेंबरमधल्या मोठ्या सणांआधी सभासदांच्या दारात प्रार्थनापुस्तके पोचवली गेली. त्या वर्षी रोश हशाना या नववर्षाच्या सणाचा पहिला दिवस नेमका शनिवारी आला. शब्बाथला शोफार फुंकायचा नाही अशी रीत पाळणाऱ्यांची त्या दिवसापुरती तरी रांजणाच्या कोड्यातून सुटका झाली.

इथे आमचे मत सांगतो. थेट प्रक्षेपण आणि झूमवरचा मिन्यान या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. प्रक्षेपणात लाख माणसे असली तरी त्यातले कोणी उठून गेले तर कोणाला पत्ता लागत नाही. मिन्यानमध्ये दहावी चौकट काळी पडली की कद्दिश थांबते आणि कोणीतरी फोन उचलून विचारतो, काय झाले, बरे आहात ना? ज्या धर्माने आकड्यावर हट्ट धरला, त्याच्या सभासदांची साथीतही कोणीतरी मोजदाद ठेवली. म्हणून ‘चेहरा दिसलाच पाहिजे’ ही कॉन्झर्व्हेटिव्ह समितीची अट आम्हाला साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी वाटते. ज्या सनातन्यांनी झूम नाकारले आणि महिनोन् महिने कद्दिशविना काढले, त्यांना मागासलेले म्हणण्याची घाईही करू नये. सोय हाताशी असताना ती नाकारून दुःख सोसणे याला निष्ठा लागते. न्यू यॉर्कच्या गव्हर्नरांनी नंतर लाल क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक संसर्गाच्या भागात, प्रार्थनास्थळी दहाच माणसे अशी मर्यादा घातली. मिन्यान त्यात जेमतेम बसे, पण दहाही पुरुषच धरायचे तर स्त्रियांना दाराबाहेरच राहावे लागणार होते. सनातन्यांची ‘अगुदाथ इस्राएल’ ही संघटना ब्रुकलिनच्या कॅथलिक धर्मप्रांतासह सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली.

पडद्याची मर्यादा किती भयंकर असू शकते ते १५ जानेवारी २०२२ ला टेक्सासमधल्या कॉलीव्हिल इथे दिसले. ओमायक्रॉनचे दिवस. बेथ इस्राएल सिनेगॉगमध्ये रब्बी आणि तीन जण, बाकीची मंडळी घरी फेसबुकवर. सकाळी दारात आलेल्या अनोळखी माणसाला रब्बींनी आत घेऊन चहा करून दिला. प्रार्थना चालू असताना त्याने पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरले. प्रक्षेपण चालूच होते. घरी बसलेल्या सभासदांना त्याच्या धमक्या ऐकू येत होत्या आणि हातावर हात धरून ऐकण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हते. सुमारे अकरा तासांनी सुटका झाली. एकाला आधी सोडले होते, उरलेले तिघे रब्बींनी खुर्ची फेकून मारताच दाराकडे पळाले. साथीने माणसे घरी ठेवली म्हणून ओलीस चौघेच होते, हेही खरे.

साथ संपली, आपद्धर्म संपला नाही. अनेक सिनेगॉगांत कॅमेरा कायमचा बसला आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, एकट्या म्हाताऱ्यांसाठी, सिनेगॉगपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्यांसाठी तो राहावाच. चार गल्ल्यांवर राहून पायजम्यात कॉफी पीत प्रार्थना ‘लावणाऱ्यां’साठी मात्र आपत्कालाची मुभा वापरत राहणे ही निव्वळ पळवाट आहे.

हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी स्थापन केलेले ‘शाआर हारहामीम’ उभे आहे. पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा इथेही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, सिनेगॉग आहेत. १९४८ नंतर माणसे इस्रायलला गेली आणि कोकणातल्या कित्येक ठिकाणी दहांचा आकडा जमेनासा झाला. करोनाने न्यू यॉर्कला जे दाखवले ते ‘शनिवार तेल्यां’च्या, म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या ज्यूंच्या, गावांनी कित्येक वर्षांपूर्वी पाहिले होते, आणि तेही कोणतीही साथ नसताना. सण असला की मुंबई-ठाण्याहून माणसे येतात, एरवी दहा जण गोळा करताना दमछाक होते.

आज इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, बीरशेबात पेणकर, रोहेकर, नवगावकर भरपूर आहेत, आणि हातातल्या फोनवर त्यांना पेणचे सिनेगॉग दिसू शकते. पण बेने इस्रायल परंपरेने सनातनी रीत पाळतात, तेव्हा पडद्यावरचा पेणकर पेणमध्ये धरला जात नाही. शुक्रवारचा तर प्रश्नच मिटला. पेणला शब्बाथ लागतो तेव्हा इस्रायलमध्ये अजून दुपार असते. तिथल्याने फोन लावला तरी इथल्याने उचलायचा नाही. शनिवारी रात्री इथला शब्बाथ सुटतो तेव्हा तिथला चालू असतो. उरतात बाकीचे वार. मंगळवारच्या सकाळी पेणमध्ये कोणाला वडिलांची कद्दिश म्हणायची असेल, आणि गावात चार माणसे व पडद्यावर सहा नातेवाईक असतील, तर शब्बाथ आड येत नाही, यंत्रही आड येत नाही. आड येतो तो खिडकी आणि पडदा यांतला फरक, आणि तो निकाली काढायचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्या गावात दहा माणसे रोज जमतात.