श्रावणबाळाचे दाखले आता पुरेत!

मध्यंतरी एका उपनगरातील व्याख्यानमालेत विद्वान वक्त्यांनी वृद्धाश्रमांवर आसूड ओढला. वृद्धाश्रम हे पाश्चात्यांचे अंधानुकरण आहे, हिंदू कुटुंबव्यवस्थेच्या कपाळावरचा तो कलंक आहे आणि देशातील शेवटचा वृद्धाश्रम ज्या दिवशी बंद होईल तोच खरा सुदिन, असे त्यांनी ठणकावून सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रस्तुत लेखकानेही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर परिचयातील एक वहिनी दाराशी भेटल्या. त्या घाईत होत्या. "निघते हं. दादांना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावून आलेय." दादा म्हणजे त्यांचे सासरे. वय ब्याऐंशी. निवृत्त मुख्याध्यापक, जुने स्वयंसेवक, एकेकाळी गावातील शिस्तीचे मूर्तिमंत उदाहरण. आज ते सुनेला ओळखत नाहीत. तिने आपले पेन्शन चोरले, असे शेजाऱ्यांना सांगतात. रात्री दोन वाजता शाळेची वेळ झाली म्हणून दार वाजवतात. दोनदा घराबाहेर पडून हरवले. एकदा पोलिसांनी आणून सोडले. मुलगा सकाळी आठला कामावर जातो आणि रात्री आठला परततो. वहिनींनी नोकरी सोडली त्याला चार वर्षे झाली. कितीतरी दिवसांनी त्यांना दीड तासाची मोकळीक मिळाली होती आणि त्या दीड तासात त्यांनी काय ऐकले, तर ज्या सोयीची त्यांना नितांत गरज आहे ती सोय म्हणजे कलंक आहे!

आपल्या व्यासपीठांवरून हा विषय ज्या पद्धतीने मांडला जातो ती पद्धत आता बदलली पाहिजे, हे स्पष्टपणे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

कृतघ्नता आणि आजार

वृद्धांचा प्रश्न म्हटला की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक श्रावणबाळाचे आणि दुसरे 'नटसम्राट'मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांचे. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने मराठी मनावर असा ठसा उमटवला की, म्हाताऱ्याचे दुःख म्हणजे मुलांची कृतघ्नता, हे समीकरणच होऊन बसले. कृतघ्न मुले समाजात आहेत, हे कोण नाकारील? परंतु डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात आणि मराठीत आपण स्मृतिभ्रंश म्हणतो, त्या व्याधीत कृतघ्नतेचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे मुलगा चांगला असतो, सून चांगली असते आणि तरीही घर कोलमडते.

हा मेंदूचा आजार आहे. त्याच्या अनेक प्रकारांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्यक आलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात. प्रथम कालच्या गोष्टी विसरतात, मग रस्ते, मग माणसे, मग घास गिळण्याची क्रियादेखील. ही वाटचाल कित्येक वर्षे चालते. तिची गती काही काळ मंद करणारी औषधे आहेत, ती पूर्ववत करणारे औषध आजही नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' हा शब्द येतो तो क्रोध आणि संमोह यांच्या ओघात. या व्याधीचा तसा कोणत्याही दोषाशी संबंध नाही. आयुष्यभर संयमाने जगलेल्या, विद्वान, निर्व्यसनी माणसांनाही ती गाठते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केलेला वृद्ध हा संस्कृतचा पंडित आहे, हे येथे मुद्दाम आठवावे.

हा शहरी, पाश्चात्य जीवनशैलीचा आजार आहे, असाही एक समज आपल्याकडे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने तो खोटा ठरवला आहे. साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या व्याधीने ग्रस्त असल्याचा त्या पाहणीचा निष्कर्ष आहे. त्यातही शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. ज्या खेड्यांत एकत्र कुटुंब अजून टिकून आहे असे आपण अभिमानाने सांगतो, त्याच खेड्यांत हे रुग्ण 'म्हातारचळ लागला' या एका शब्दाखाली झाकले गेले आहेत.

शब्दांचेही महत्त्व असते. जपानमध्ये या व्याधीला जे नाव प्रचलित होते त्यात मूढपणाचा, वेडेपणाचा भाव होता. २००४ साली जपान सरकारने तो शब्द अधिकृतपणे टाकून दिला आणि 'निन्चिशो' असा नवा शब्द योजला. पूर्वजांच्या पूजेविषयी विलक्षण आस्था असणाऱ्या त्या राष्ट्राने आपल्या वृद्धांचा अवमान भाषेतून हद्दपार केला. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतो आणि वर मातृदेवो भव, पितृदेवो भव यांचे पाठ देतो!

सेवा कुणाची, घाम कुणाचा?

'घरीच सांभाळा' हा उपदेश करताना तो नेमका कोणाला केला जातो, याचा विचार वक्ते करीत नाहीत. पुंडलिक विटेवर देवाला उभे करतो आणि आईवडिलांचे पाय चेपतो. आपल्या घरांतून मात्र पाय चेपण्याचे काम पुंडलिकाच्या पत्नीकडे असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून एकेक वेळचे भरवणे तासभर चालते. दिवसरात्रीचे भान उलटे झालेल्या माणसाबरोबर रात्र जागून काढावी लागते. हे एक आठवडा नव्हे, आठ-दहा वर्षे करायचे. ज्यांना ऐपत आहे ते ब्युरोतून बाई ठेवतात. ती बहुधा अप्रशिक्षित असते आणि महिन्याभरात सोडून जाते. उरते ती सून, किंवा लग्न न केलेली मुलगी, किंवा स्वतःच सत्तरीला आलेली पत्नी. श्रावणबाळ एकुलता एक होता आणि त्याचे मातापिता अंध होते; पण ते आपल्या मुलाला ओळखत होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुटुंब हीच मुळी शोषणाची संस्था आहे, ती मोडीत निघाली तर बरेच होईल, असे सांगणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांच्या पंक्तीला बसण्याची प्रस्तुत लेखकाची मुळीच इच्छा नाही. ज्यांनी कुटुंबाला केवळ स्त्रीची बेडी मानले त्यांनी पर्याय म्हणून दिले ते काय? एकटेपणा आणि त्यावर उभा राहिलेला बाजार! पण त्यांना उत्तर देण्याच्या भरात कुटुंबाच्या मर्यादाच अमान्य करणे हे कुटुंबाचेच अहित आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवणाऱ्या मुलाला आपण कृतघ्न म्हणत नाही. ज्या आजाराला चोवीस तासांची प्रशिक्षित शुश्रूषा लागते, त्याचा रुग्ण निवासी केंद्रात ठेवणाऱ्या मुलाला आपण मान खाली घालायला लावतो. ही विसंगती नव्हे तर काय?

लाजेने मोकळे सोडलेले रान

या लाजेचा परिणाम काय झाला तो पाहा. समाजातील सज्जनांनी हे क्षेत्र अस्पर्श मानले, म्हणून ते इतरांच्या हाती गेले. बंगला भाड्याने घ्यायचा, दहा-बारा खाटा टाकायच्या, चार बाया ठेवायच्या आणि दारावर 'केअर सेंटर'ची पाटी लावायची, असा धंदा मोठ्या शहरांच्या कडेने फोफावला आहे. प्रामाणिकपणे काम करणारी केंद्रेही आहेत. पण त्यांतील चांगल्यांचे शुल्क बहुतेक निवृत्तांच्या पेन्शनपलीकडचे असते. आणि वाईटांत काय चालते, रुग्णाला खाटेला बांधतात काय, झोपेच्या गोळ्यांनी गुंगीत ठेवतात काय, हे पाहायला कोणी जात नाही. घरच्या मंडळींनी आपला माणूस चोरून ठेवलेला असतो. ते तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

कायदे नाहीत असे नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण तेथे शब्द 'करील' असा नसून 'करू शकेल' असा आहे. सरकारी भाषेत या दोन शब्दांत किती वर्षांचे अंतर असते, हे वाचकांना ठाऊक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे. वृद्धाश्रमांची आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व दर्जा ठरवणारे सुधारणा विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले, परंतु त्या लोकसभेची मुदत २०२४ मध्ये संपली तरी ते संमत झाले नाही. २०२४ सालीच सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा खर्च त्यात बसत नाही. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे सांगायचे नाही, असे थोडेच आहे? उलट, आपले आहे म्हणूनच अधिकाराने सांगितले पाहिजे.

राज्यांना हे अशक्य आहे काय? केरळ सरकारने २०१४ साली या रुग्णांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. तेथे शासनाने १९९२ पासून या क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला बरोबर घेतले आणि निवासी केंद्र व दिवसा सांभाळ करणारे केंद्र उभे केले. केरळात कोणाचे सरकार होते हा मुद्दा येथे गौण आहे. चांगले असेल ते घ्यावे.

चांपाचा धडा

आणि आपण स्वतः? ज्या रोग्याला समाज दाराआड लपवतो, त्याच्यासाठी दार उघडण्याची परंपरा आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही. १९६२ साली छत्तीसगडमधील चांपाजवळ सदाशिव गोविंद कात्रे यांनी भारतीय कुष्ठनिवारक संघाची स्थापना केली. ते स्वयंसेवक होते आणि स्वतः कुष्ठरोगी होते. १९७२ साली अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे गेले आणि २०१९ साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोग्याला घरातच ठेवा, आश्रम ही विकृती आहे, असे कात्रेगुरुजींना कोणी सांगितले असते तर त्यांनी ते ऐकले असते काय?

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निवास उभारण्याची पात्रता तर आपल्याकडे विशेषच आहे. या व्याधीत अलीकडचे आधी जाते आणि जुने सर्वांत शेवटी. नोकरीत शिकलेली इंग्रजी जाते, मायबोली उरते. काल जेवलो की नाही ते आठवत नाही, पण लहानपणी पाठ केलेली रामरक्षा ओठांवर येते. म्हणूनच अशा घरात रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणारी माणसे हवीत, संध्याकाळी दिवा लागला पाहिजे, ताटात ओळखीची आमटी हवी, अंगणात तुळस हवी, आणि रोज तीच माणसे समोर दिसली पाहिजेत. नेदरलँड्समध्ये वेस्प येथे २००९ साली या रुग्णांसाठी एक वसाहतच उभी राहिली. तेथे रुग्णालयाच्या लांबच लांब ओळींऐवजी छोटी घरे आहेत, स्वयंपाकघर आहे, दुकान आहे, मोकळे फिरण्याची सोय आहे. पश्चिमेला जे रचून उभारावे लागते ते आपल्या अंगवळणी आहे. आपण ते करायला घेत नाही, एवढेच.

रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे आपले कार्यकर्ते गावोगावी चालवतात. खाटा, चाकाच्या खुर्च्या नाममात्र अनामतीवर देतात. त्याच्या पुढचे पाऊल टाकायचे आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मोठ्या नगरात दिवसा सांभाळ करणारे एक केंद्र निघावे, जेथे सकाळी आणून सोडलेल्या आजोबांना सायंकाळी घरी नेता येईल. मग जिल्ह्याला एक निवासी केंद्र निघावे. त्याचे दार नातेवाइकांना कोणत्याही वेळी उघडे असावे, तेथे बांधून ठेवण्याला थारा नसावा आणि शुल्क ऐपतीप्रमाणे असावे. शुश्रूषेचे शिक्षण देणारे वर्ग निघाले तर गरजू भगिनींना सन्मानाचा रोजगारही मिळेल. निवृत्त डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक यांचा वानप्रस्थ यात सत्कारणी लागेल. आणि कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांतून एक साधा प्रश्न विचारला जावा : तुमच्या घरी असा रुग्ण आहे का, आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती शेवटची कधी झोपली?

केंद्रात ठेवलेला बाप टाकून दिलेला नसतो, हेही घराघरांत रुजवावे लागेल. दर रविवारी त्याच्याजवळ बसायचे, त्याला भरवायचे, तो ओळखत नसला तरी आपण त्याला ओळखायचे. पितृऋण असेही फिटते.

त्या वहिनी परवा पुन्हा भेटल्या. दादांची प्रकृती आणखी खालावली आहे. "तुमच्या ओळखीत एखादी चांगली जागा आहे का हो?" त्यांनी आवाज खाली आणून विचारले, कोणी ऐकेल म्हणून आजूबाजूला पाहिले. प्रस्तुत लेखकाकडे देण्यासारखा पत्ता नव्हता. पुढच्या व्याख्यानमालेत वृद्धाश्रम बंद करण्याची घोषणा होईल, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने वक्त्यांना तो पत्ता विचारावा.