वाचनालय सर्वांसाठी, म्हणजे कुणासाठी?

चवदार तळं १९२४ साली नगरपालिकेने कागदावर सर्वांना खुलं केलं. तरी पाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे महाडकरांना सांगायला नकोच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूरही दिव्यांगांना वापरता यायला हवा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतं. पण ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शोधा’ऐवजी नुसतं भिंगाचं चित्र असेल, त्याला नाव दिलेलं नसेल, तर ते फक्त ‘बटण’ म्हणतं! अंध मुलीने पुस्तक शोधायचं कसं?

मला वाटतं, महाड-पोलादपूरच्या वाचनालयांनी सॉफ्टवेअर घेण्याआधी अंध वाचकाला माऊसशिवाय पुस्तक शोधू द्यावं. सापडलं, तरच पैसे मोजावेत. सभासद म्हणून एवढं आपण विचारूच शकतो, नाही का?