कोणत्या हायकोर्टाचे दार ठोठवावे?

गेल्या महिन्यात देवळाली कॅम्पातील एक खाला आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलाला रात्री लॅम रोडवरून साध्या वेशातील लोकांनी गाडीत घालून नेले होते. दोन दिवसांनी कळले, ते शेजारच्या राज्याचे पोलीस होते. कोणी म्हणाले मुंबई हायकोर्टात जा, कोणी म्हणाले तिकडच्या. विचारपूस करण्यातच चार दिवस गेले. मुलाचा पत्ता लागला, पण त्या चार रात्री खालांच्या डोळ्याला डोळा नव्हता.

माणसाला बेकायदा डांबले असेल तर त्याला कोर्टापुढे आणा, असे सांगणारा आदेश म्हणजे हेबियस कॉर्पस. तो कोणत्या कोर्टाने काढावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८२८ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातील मोरो रघुनाथ या मुलासाठी असा आदेश काढला. गव्हर्नर माल्कम यांनी तो मानला नाही. न्यायमूर्ती ग्रँट यांनी रागाने कोर्टच बंद ठेवले. १८२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, तो ग्रँट यांच्या विरोधात. मुंबईच्या कोर्टाचा हात पुण्यापर्यंत पोहोचला नाही.

स्वातंत्र्यानंतरही अडचण राहिली. ज्याच्याविरुद्ध आदेश हवा, तो ज्या हायकोर्टाच्या हद्दीत असेल तिथेच जावे लागे. १९६० मध्ये लेफ्टनंट कर्नल खजूरसिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितले. मग १९६३ मध्ये घटनादुरुस्ती झाली. आज कलम २२६(२) नुसार तक्रारीचे कारण अंशतः जरी आपल्या राज्यात घडले असेल, तरी आपल्या हायकोर्टात जाता येते. मुलाला देवळालीतून उचलले, म्हणून खालांना मुंबई हायकोर्टात जाता आले असते. मुलगा ज्या राज्यात होता, तिथले हायकोर्टही खुले होते.

याचे उलटे उदाहरण २०१८ चे. पुणे पोलिसांनी गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक केली, तेव्हा याचिका दिल्ली हायकोर्टाने ऐकली. दिल्लीच्या मॅजिस्ट्रेटने पुण्याला नेण्याची परवानगी, म्हणजे ट्रान्झिट रिमांड दिली होती. पण पोलिसांची कागदपत्रे मराठीत होती, ती मॅजिस्ट्रेटला कशी कळली असतील, असा प्रश्न उभा राहिला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो रिमांड रद्द झाला. खटला मात्र पुढे चालूच राहिला.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत अटक केलेल्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. तसे केले नाही किंवा ठावठिकाणा सांगत नसतील, तर हेबियस कॉर्पसचा मार्ग आहे. आई, भाऊ, मित्र, कोणीही अर्ज करू शकतो. पण मॅजिस्ट्रेटने रीतसर कोठडी दिली असेल, तर बहुधा हा अर्ज टिकत नाही. तेव्हा जामिनाकडे वळावे. नेले ती वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि पाहणाऱ्यांची नावे त्याच रात्री लिहून ठेवा. फीची चिंता असेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि कोठडीतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.

खालांना आम्ही हे उशिरा सांगितले. तुम्हाला ते वेळेआधी माहीत असावे, आणि त्याची गरज कधीच पडू नये, हीच दुआ.