गुणांची पैसेवारी

अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांत प्रवेश देतांना ‘सॅट’ नामक सामायिक परीक्षेचे गुण पाहावे कीं न पाहावे, हा वाद तेथें कित्येक वर्षें हिरिरीनें चालला आहे. आतां आपल्या बागाइती गांवांतूनहि एखादें मूल तिकडे अर्ज करतें. म्हणून वाचकांस हा विषय अगदींच परका वाटूं नये.

ही परीक्षा १९२६ सालीं सुरू झाली. हल्लीं ती १६०० गुणांची असते. २०२० च्या महामारींत परीक्षाकेंद्रें बंद पडलीं, तेव्हां बहुतेक मोठ्या संस्थांनीं ती ऐच्छिक केली. वाटल्यास गुण पाठवा, न वाटल्यास नका, असा नियम झाला. श्रीमंताचें मूल शिकवणी लावून गुण वाढवितें व गरिबाचें मागें राहतें, हा परीक्षेवरील जुना आक्षेप खोटा नाहीं. त्यामुळें या सवलतीचें पुष्कळांनीं स्वागत केलें.

पण फळ उलटें आलें. डार्टमथ येथील प्राध्यापकांनीं आपल्याच संस्थेचें दप्तर तपासलें, तेव्हां असें दिसलें कीं, हलाखींतल्या कित्येक मुलांनीं १४०० च्या आसपासचे गुण ‘हे कमी पडतील’ या भीतीनें दडविले. ते पाठविले असते तर त्यांच्या निवडीचा संभव वाढला असता! कारण तेथील समिति नुसता आंकडा पाहत नाहीं. मूल ज्या शाळेंतून आलें तेथील सर्वसाधारण गुण शेजारीं ठेवून पाहते. २०२४ सालीं डार्टमथनें परीक्षा पुन्हा सक्तीची ठरविली. त्याच वर्षीं हार्वर्डनेंहि तसेंच केलें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. पैसेवारी काढतांना आलेलें पीक त्या भागांतील सर्वसाधारण पिकाशींच ताडतात. मुरमाड माळावरची सहा पोतीं बाजरी व पाटाखालच्या काळ्या रानांतली सहा पोतीं बाजरी यांस बाजारांत भाव एकच. पिकविणाऱ्याची पारख करावयाची तर गोष्ट निराळी. तथापि माळावर अन्याय होतो म्हणून मापच मोडून टाका, असें कोणी शहाणा शेतकरी म्हणणार नाहीं. माप गेलें कीं उरते ती ओळखपाळख, हें आम्ही कारकून मंडळी पक्कें जाणून आहोंत. तिकडेहि गुण बाजूस सारल्यावर निबंध, शिफारसपत्रें व नानाविध छंदांची यादी यांचें वजन वाढतें, आणि यांस पैशाची मदत गुणांहून अधिक होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठानें तर २०२१ पासून हे गुण पाहणेंच सोडलें. तेथील सॅन दिएगो शाखेच्या प्राध्यापकांनीं २०२५ सालीं अहवाल दिला कीं, शालेय गणितांत कच्चे असे विद्यार्थी पांच वर्षांत अतिशय वाढले. शाळेनें मात्र त्यांतील अनेकांस गणितांत उत्तम श्रेणी दिली होती.

आपल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेंत दोष दुसऱ्या बाजूचा आहे. आरक्षणाचा भाग सोडला तर ७२० पैकीं किती, एवढ्यावरच क्रम लागतो. जमीन कोणती तें कोणी विचारीत नाहीं. तामिळनाडूनें २०२० सालीं सरकारी शाळांतील मुलांकरितां साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. आपल्याकडे खेड्यांतील पुष्कळशीं माध्यमिक विद्यालयें खासगी अनुदानित असल्यानें तो नियम जसाच्या तसा लागूं पडणार नाहीं. येथें विद्यालयवार सरासरी काढून तीच प्रत्येकाच्या गुणांशेजारीं मांडावी लागेल. आंकडे परीक्षा घेणाऱ्यांच्या हातीं आहेतच. तशी मागणी आपल्या संस्थेनें सरकारकडे करावी.