शब्दाची दोन मापे

एखाद्या समूहाचे नाव किंवा त्याच्या मूळ प्रदेशाचा निर्देश करणारा शब्द त्या समूहाला कमी लेखण्यासाठी रुळला की तो हेटाळणीवाचक ठरतो. त्यावर आक्षेप आला, तर बोलणारा आपला हेतू पुढे करतो आणि ऐकणारा आपल्याला लागलेला घाव दाखवतो. हा मतभेद समजण्याजोगा आहे, परंतु एकच व्यक्ती बोलताना हेतूचे माप वापरते आणि ऐकताना परिणामाचे, तेव्हा त्याला दुटप्पीपणा म्हणावे लागते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके याचे बोलके उदाहरण आहेत. देशावरून घाट उतरून पोटासाठी मुंबईत गेलेल्या माणसाला तेथे 'घाटी' म्हटले जाई. शब्दाचा सरळ अर्थ 'घाटावरचा' एवढाच असला, तरी त्यातून गावंढळपणा सुचवला जाई, आणि 'सहज म्हणतो' या खुलाशाने त्याची बोच कमी होत नसे. आज शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत उत्तर भारतातून आलेल्या कामगाराला 'भैया' म्हणून हिणवले जाते, आणि आक्षेप आलाच तर मूळ अर्थ 'भाऊ' असल्याचे सांगितले जाते. परंतु व्युत्पत्तीने 'घाटी' निर्दोष ठरत नसेल, तर 'भैया'ही ठरत नाही.

हेतूला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाजवळ, भीमेपलीकडे पेरणे येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ असून १९४१ मध्ये उभारलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावर तो होता. तेथे जातीचे नाव सैनिकांनी स्वतः अभिमानाने मिरवले, तर चावडीवर तेच नाव दुसऱ्याला खाली पाहायला लावण्यासाठी उच्चारले जाते. म्हणूनच १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी', पाणउतारा करण्याच्या हेतूने केलेला अपमान गुन्हा मानतो, आणि चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द या व्याख्येत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने महारवाडा, मांगवाडा यांसारखी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मात्र पत्ता सांगणाऱ्याचा हेतू विचारला गेला नाही. या दोन भूमिकांत विसंगती नाही, कारण शिक्षा द्यायची तर मनातला हेतू तपासावा लागतो, आणि शब्द वापरात ठेवायचा की नाही हे ठरवताना तो ज्याला चिकटतो त्याचे काय होते, हे पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये 'पाकी' ही शिवी भारतीयांनाही खावी लागली, आणि ती थट्टेत दिल्याचा खुलासा त्यांना पटला नाही. तो न पटणे योग्यच होते. तीच कसोटी परदेशातील मराठी घरांत शेजाऱ्याचा वर्ण, कामगाराचा प्रांत किंवा गावाकडच्या माणसाची जात काढताना लावली गेली पाहिजे, कारण चार भिंतींच्या आतला शब्द कायद्यातून सुटला, तरी घरातल्या मुलांच्या कानांतून सुटत नाही.