पटकीचा जाब कोणी द्यायचा?

हैतीचे नाव आमच्या वर्गात निघाले तेव्हा तीनच गोष्टी पुढे आल्या : भूकंप, दारिद्र्य आणि गुंडांच्या टोळ्या. त्यांतली एकही खोटी नाही. पण सतत एवढेच वाचल्याने आपली अशी समजूत होऊन बसते, की आजारपण या लोकांच्या कपाळीच लिहिलेले आहे. इतरांनी मदत करावी आणि त्यांनी ती मुकाट्याने घ्यावी. ही समजूत मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी एकाच आजाराची हकिकत पुरेशी आहे.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी पोर्तोप्रेन्स उद्ध्वस्त झाली. नऊ महिन्यांनी, ऑक्टोबरात, तिथून दूर असलेल्या मीरबाले गावाच्या परिसरात जुलाब-उलट्यांचे रोगी एकाएकी वाढल्याचे तिथल्या क्यूबन डॉक्टरांच्या लक्षात आले. ती पटकी होती. निदान शंभर वर्षांत त्या देशात पटकीची नोंद नव्हती. गावाजवळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा तळ होता. तिथे नेपाळहून नुकतीच तुकडी आली होती, आणि नेपाळात त्या सुमारास पटकी चालू होती. तळावरचा मैला उघड्या खड्ड्यात टाकला जाई, सांडपाण्याचे नळ गळत, आणि शेजारचा ओढा पुढे आर्तिबोनीत नदीला मिळतो. ही देशातली सर्वांत मोठी नदी. तिच्यावर भातशेती होते, तिच्यात कपडे धुतात, तिचेच पाणी पितात. काही दिवसांतच नदीच्या खालच्या अंगाला माणसे पटापट मरू लागली. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली; सुमारे दहा हजार दगावले.

नेपाळी शिपायांवर राग धरणे मला पटत नाही. तीही पोटासाठी परमुलखात गेलेली माणसे. त्यांच्या मैल्याची धड व्यवस्था न करता ज्यांनी तळ चालवला, प्रश्न त्यांना विचारायचा आहे.

राष्ट्रसंघाने प्रथम कानांवर हात ठेवले. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने नदीकाठच्या नोंदी तपासून तळाकडे बोट दाखवले, तेव्हा चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तीत आपले पटकीतज्ज्ञ डॉ. जी. बालकृष नायर होते. रोगजंतू दक्षिण आशियातल्या जंतूंशी जुळतो आणि ओढ्यात मानवी मैला मिसळल्याने साथ पसरली, इतके २०११ च्या अहवालाने मान्य केले. पण शेवटी म्हटले काय, तर हा अनेक परिस्थितींचा योग होता, दोष कोणा एकाचा नाही! दोन वर्षांनी, नवे पुरावे आल्यावर, याच चौघांनी तळाकडे निर्देश केला. त्याच वर्षी हजारो पीडितांचा भरपाईचा दावा राष्ट्रसंघाने ‘स्वीकारार्ह नाही’ म्हणून परत केला. ते अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. राष्ट्रसंघावर खटलाच चालू शकत नाही, असा निकाल २०१६ मध्ये अपिलातही कायम राहिला. त्या डिसेंबरात सरचिटणीस बान की मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. आम्ही पुरेसे केले नाही, याबद्दलची ती माफी होती. रोग आणला कोणी, याविषयी तीत अक्षर नव्हते. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. त्यातला थोडासाच भाग जमला.

हा ‘परिस्थितींचा योग’ वाचताना मला राहून राहून आपलाच इतिहास आठवत होता. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीचे मूळ हिंदुस्थान ठरवले आणि ती पसरवण्याचे खापर यात्रेकरूंवर फोडले. पंढरीच्या यात्रेकडेही इंग्रज अधिकारी त्याच नजरेने पाहत. रोग गरिबाकडून श्रीमंताकडे निघाला, की वाहकाचे नाव, गाव, धर्म सगळे लिहिले जाते. उलट दिशेने आला, की तो योगायोग ठरतो. आजी सांगायची, तिच्या लहानपणी साथ आली की मरीआईचा गाडा ओढत नेऊन गावाच्या शिवेबाहेर सोडत. न्यूयॉर्कमध्ये कागदोपत्री झाले ते याहून फार वेगळे नव्हते.

कोणी म्हणेल, हैतीचे राज्यकर्ते काय कमी होते? मुळीच नव्हते. फ्रान्स्वा द्यूव्हालिए हा तर पेशाने डॉक्टर. खेड्यापाड्यांत यॉज या त्वचारोगाविरुद्धच्या मोहिमेत नाव कमावून तो १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, १९६४ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला, आणि ज्या लोकांना पूर्वी सुया टोचल्या त्यांच्यावरच त्याने आपले गुंड सोडले. पण केवळ त्याच्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौकांच्या धाकाने पंधरा कोटी फ्रँकची ‘भरपाई’ कबूल करून घेतली. पुढे ती नऊ कोटींवर आली. गमावलेल्या मालमत्तेची ही किंमत, आणि त्या मालमत्तेत ही माणसे स्वतःही धरलेली! त्यापायी काढलेली कर्जे फिटायला १९४७ साल उजाडले. नळ आणि गटारे कशातून बांधायची? १९९८ मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेने पाणीपुरवठ्यासाठी कर्ज मंजूर केले, तेही हैतीतल्या राजकारणाचे कारण सांगून अमेरिकेने अडवून धरले. त्या योजनेत सें-मार्क शहर होते. २०१० मध्ये पटकीचे लोंढे ज्या रुग्णालयांत प्रथम आदळले, त्यांतले एक याच सें-मार्कचे.

या विषयावर बोलताना एका मित्राने विचारले, “मदत करणाऱ्यालाच कोर्टात खेचलेस, तर उद्या मदतीला येणार कोण?” प्रश्न वाजवी आहे. पण गावातल्या डॉक्टरच्या हातून चूक झाली तर आपण त्याला जाब विचारतोच, आणि म्हणून डॉक्टर गाव सोडून जात नाहीत. जाब विचारता येत नाही ती मदत नव्हे, ते दान होय. आणि दान देणाऱ्याला आपल्या खरकट्याची चिंता नसते. पटकीवरचा उपचार तर मीठ-साखरेच्या पाण्याइतका स्वस्त. तेवढ्या उपायावाचून माणूस मेला, तर कोणीतरी उत्तर द्यायला बांधील असायलाच हवे.

२०१९ च्या आरंभानंतर हैतीत पटकीचा रोगी आढळला नाही. तिथल्या परिचारिका आणि घरोघर फिरणारे आरोग्यसेवक यांचे ते यश; त्याची बातमी मी तरी कुठे ठळकपणे पाहिली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टोळ्यांनी राजधानीतले मुख्य इंधनकेंद्र अडवले. डिझेल संपले, पंप थांबले, पिण्याचे पाणी मिळेनासे झाले. ऑक्टोबरात सिते सोलेय या झोपडपट्टीच्या परिसरात पटकीचे रोगी पुन्हा सापडले. दहा हजारांच्या वारसांचा दावा तोवर निकालात निघाला होता.