पार्किन्सन : गोळीचा असर टिकेना, आता पुढे काय?

अहिल्यानगर : गोळी घेतली की हातपाय मोकळे होतात, दोन-तीन तासांत शरीर पुन्हा आखडते. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांचा दिवस काही वर्षांनी असा गोळीच्या वेळेवर चालू लागतो. मग घरात ‘मेंदूच्या ऑपरेशन’चा विषय निघतो. पण ते कोणासाठी आणि कधी?

असे का होते?
मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपाची गोळी ही उणीव भरून काढते. आजार वाढतो, तसा तिचा असर लवकर उतरतो. डोस वाढवला, तर अंगाच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात.

वेळ कशी ओळखायची?
यासाठी डॉक्टर ‘५-२-१’ हे सूत्र वापरतात. दिवसातून किमान ५ वेळा लेव्होडोपा, २ तास वा अधिक आखडलेपण, १ तास वा अधिक त्रासदायक हालचाली. यातले एक जरी लागू असेल, तरी न्यूरोलॉजिस्टशी पुढच्या उपचारांबद्दल बोलावे.

पर्याय कोणते?
• डीबीएस : मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या त्वचेखाली पेसमेकरसारखे यंत्र. विजेचे सौम्य स्पंदन कमी-जास्त करता येते.
• अपोमॉर्फिन पंप : त्वचेखालून औषध सतत मिळते, मेंदूची शस्त्रक्रिया नाही.
• फोकस्ड अल्ट्रासाउंड : कवटी न उघडता ध्वनिलहरींनी उपचार, मुख्यतः कंपासाठी. मात्र झालेला बदल मागे घेता येत नाही.

फायदा कोणाला नाही?
लेव्होडोपाने जे सुधारते, तेच बहुधा डीबीएसने सुधारते. कंप हा अपवाद. स्मृतिभ्रंश असल्यास किंवा गोळीचा असर असतानाही तोल जात असल्यास फायदा कमी. आजार थांबत नाही, गोळ्याही सहसा पूर्ण बंद होत नाहीत.

नगरकरांनी काय विचारावे?
खर्च लाखांत जातो. पण हिशेब ऑपरेशनपाशी संपत नाही. यंत्राचे सेटिंग जुळवायला सुरुवातीचे काही महिने वारंवार जावे लागते. पुणे सुमारे १२० किलोमीटर. त्यामुळे आधीच विचारा : सेटिंग कोण करणार, फेऱ्या किती, बॅटरी किती वर्षांनी बदलायची? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण-कुटुंबीयांचा गट आहे. अनुभव तिथे विचारता येतील.

तपासणीला जाताना आठवडाभराची वही न्या : गोळी कधी घेतली, असर कधी उतरला. जेवणातल्या डाळ-दुधामुळेही गोळीचा असर कमी होऊ शकतो. कधी कधी वेळा बदलूनच बराच फरक पडतो.